मापावरची धार

दूधवाला मोठ्या मनाचा होता. माप भरून गिऱ्हाइकाच्या भांड्यात ओतलं की त्याचं मनगट आपोआप वळायचं आणि वर आणखी एक धार पडायची. त्याच्या बापाचाही हात तसाच. बायको म्हणायची, हा हात आहे की गळका नळ? तो नुसता हसायचा. गल्लीत त्याचं नाव होतं, आणि चांगल्या नावाची माणसाला किती मिजास असते ते काय सांगावं!

त्याला एकच मुलगी. सगळे तिला ठमी म्हणत. ठमीला आकडी यायची. जेवता जेवता मान मुरडायची, डोळे वर जायचे, हातपाय झटके द्यायला लागायचे. एका औषधानं भागेना म्हणून दुसरं झालं, तिसरं झालं. पोर दिवसभर पेंगायची, आकडी मात्र हटेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आहारच बदलायला लावला. लोणी, तेल, साय भरपूर; साखर, पाव, भात, बटाटा जवळजवळ बंद; दुधातही साखर असते, म्हणून तेही मोजून थेंबभर. साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात, मेंदू त्यांच्यावर चालायला लागतो आणि काही मुलांच्या मेंदूतल्या उठसूट भडकणाऱ्या पेशी शांत होतात. कशानं होतात ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. पण जराशी साखर जास्त गेली तरी केलंसवरलं पाण्यात जाईल, असं त्यांनी बजावलं.

बायकोनं कंबर कसली. काटा आणला, घास न् घास तोलला. लघवीत बुडवायची पट्टी जांभळी झाली की कीटोन आहेत असं समजायचं. पट्टी जांभळी व्हायला लागली आणि आकडी थांबली. अगदी थांबली हो! ठमी जिन्यावरून उड्या मारायला लागली, शेजारच्या पोराला कडकडून चावली. आईबापांना त्या चावण्याचंसुद्धा कौतुक.

मग ठमी शाळेत जायला लागली आणि बायकोनं शिवणाच्या कारखान्यातलं काम पुन्हा धरलं. ठमीचा पेला आता दूधवाल्याकडे आला. तोललेली साय, त्यात तोललेलं इवलंसं दूध. बायको समजावायला लागली तर तो म्हणाला, "दुधाचं माप तू मला शिकवणार?"

थोड्याच दिवसांत पट्टी फिकी पडली. आकडी परत आली.

पोरगी शाळेत काहीतरी खात असणार, असं आधी ठमीची आत्या म्हणाली, मग सगळेच म्हणायला लागले. दप्तर झाडलं, खिसे उलटे केले. शाळेतल्या बाईंना हात जोडून झाले. ठमीचं एकच, मी काही खाल्लं नाही. एकदा तर आईनं तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तेव्हा ती रडलीही नाही.

एका संध्याकाळी दूधवाल्याचा तोल गेला. त्यानं तिचा दंड धरला. "खरं सांग. काय खाल्लंस?"

ठमी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बिस्किट खाल्लं, बाबा."

त्याच्या जिवात जीव आला. एकदाचा चोर सापडला! त्यानं तिला जवळ घेतलं, पुन्हा खायचं नाही म्हणून समजावलं आणि पेला भरून दिला. शहाण्यासारखं तिनं तो संपवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिला आकडी आली ती थांबेचना. इस्पितळात सुया झाल्या, नळ्या झाल्या. ठमी वाचली, पण डोळे उघडले तेव्हा तिची वाचा गेली होती आणि एक हात लुळा पडला होता.

इस्पितळात आहार बघणारी बाई होती. घरी पेला कसा करता, करून दाखवा, असं ती म्हणाली. दूधवाल्यानं पेला काट्यावर ठेवला. साय तोलली, दूध तोललं, काटा अगदी नेमका थांबला. पेला उचलला, आणि दुधाचं माप धरलेलं त्याचं दुसरं मनगट वळलं. दुधाची एक धार वर पडली.

त्याला पत्ताच नव्हता. तो पेला पुढे करून उभा. बायकोनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

"अहो," ती म्हणाली, "वर काय घातलंत?"

डॉक्टरीणबाई पुढे पुष्कळ बोलल्या. याच एका कारणानं झालं असं छातीठोक सांगता येत नाही, आहार चालू असतानाही कधी कधी आकडी उलटते. त्याच्या कानात काही शिरलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि चोर कोण, तर तो स्वतः. शाळेत त्यानं चौकशी केली. ठमीच्या वर्गात डब्यात बिस्किट आणायला बंदीच होती.

आता पेला पुन्हा बायको भरते. तेव्हा तो स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. गल्लीत माप ओतलं की डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून ठेवतो. लोक कुरकुरतात, दूधवाला बदलला म्हणतात.

दुपारी बायको कामावर असते तेव्हा तो ठमीच्या उशाशी बसतो.

"ठमे, तू बिस्किट खाल्लं नव्हतंस ना गं?"

रोज विचारतो. ती नुसती बघते.