पेन्सिलीने टाकलेले गुण

आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकाला गुणतक्त्यासोबत एक पेन्सिल आणि एक खोडरबर देतात. गुण आधी पेन्सिलीने टाकायचे, तिन्ही परीक्षकांची बेरीज बघायची, कुठे काही 'बसत नसेल' तर खोडून बसवायचं आणि मग सगळ्यावर पेन फिरवायचा. असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. मी तीन वर्षं परीक्षक होते. खोडरबराला कधी हात लावला नाही आणि त्याचा मला मोठा तोरा होता.

त्या वर्षी प्रदर्शन कळमनुरीकडच्या एका मोठ्या शाळेत भरलं. सकाळी टेबलं लागत होती तेव्हा आठवीतली एक पोरगी पळत आली. डोंगरकड्याच्या पलीकडे एका वस्तीवरच्या शाळेत ती माझ्या हाताखाली शिकलेली. मागच्याच वर्षी माझी तिथून बदली झाली होती. घरी मेंढरं, आणि गावची शाळा आठवीपर्यंतच.

"मॅडम, बा म्हणला, पहिला नंबर आला तर कळमनुरीला होस्टेलात टाकतो. न्हाई आला तर मेंढरं हायेतच." हे तिने हसत सांगितलं. हसण्यासारखं त्यात काय कपाळ होतं, पण मलाही हसू आलं. पहिल्या येणाऱ्याला जिल्ह्याला जायचं असतं, ती तर मनाने त्याच्याही पुढे, होस्टेलात पोचली होती.

तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा प्रयोग दोन बरण्यांचा. एकीत तळ्याच्या काठचं पाणी आणि बारक्या गोगलगाई, दुसरीत बोअरचं पाणी. कोणत्या मेंढराला गळ्याखाली पाण्याची सूज आली आणि ते कुठे चरलं, याची वही तिने वर्षभर लिहिली होती. गोगलगाईंतले जंत काठच्या ओल्या गवतातून मेंढरांच्या पोटात जातात, हे तिने पुस्तकातून नाही, मेंढरांमागे हिंडून काढलं होतं. यजमान शाळेच्या पोरांनी सिरिंजा जोडून जेसीबी केला होता. विकतचा संच, रंग तेवढा घरचा. तो वर-खाली व्हायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

पोरगी बोलत होती तेव्हा माझ्या शेजारचे परीक्षक, वयाने मोठे सर, हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचंच लेकरू दिसून राहिलं."

सर सहज बोलले असतील, पण मला झोंबलं. उद्या कोणी म्हणायला नको की हिने आपल्या पोरीला वर काढलं. 'निरीक्षण' या रकान्यात माझ्या मनात दहा होते. मी आठ लिहिले. बाकीचे दोघे देतीलच की, असं स्वतःला सांगितलं.

दुपारी यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांनी स्वतः उभं राहून आम्हाला पुरी आणि शिरा वाढला. मग दार लावून बेरीज झाली. पोरी एका गुणाने पुढे होत्या, जेसीबी मागे. सरांनी खोडरबर उचलला.

"खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, मॅडम. पुढच्या साली प्रदर्शन कोण भरवंल?" त्यांनी जेसीबीच्या सादरीकरणाचे सहा खोडून आठ केले. आता जेसीबी एका गुणाने पुढे.

"हे बराबर न्हाई, सर," मी म्हणाले.

"मंग तुमी बी वाढवा की तुमचे. पेन्सिलच हाय." त्यांनी खोडरबर माझ्याकडे सरकवला. तिसरे परीक्षक पंख्याकडे बघत बसले.

सर खोटं बोलत नव्हते. माझे आठच खोटे होते, दहा खरे होते. खोडून दहा केले असते तर कोणावर उपकार झाला नसता, माझी चूक तेवढी दुरुस्त झाली असती. पण खोडरबर हे त्यांच्यासारख्यांचं काम, आपलं नाही, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की मी पेन घेतला आणि माझ्या आठावर शाई फिरवली. सही केली. सोवळं जपलं, दुसरं काय.

निकाल वाचला तेव्हा पोरींना दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र आणि कंपासपेटी मिळाली. जेसीबीसाठी त्या दोघींनीही टाळ्या वाजवल्या. मी फाटकातून निघाले ते मागे न बघता.

पुढच्या वर्षी शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. औंढ्याला निघाले होते, तर रस्त्याच्या कडेला मेंढरं आणि त्यांच्यामागे ती, हातात काठी. मी गाडी थांबवली. शाळेचं विचारायची हिंमत झाली नाही. तीच बोलली, "तळ्याच्या काठाला जाऊच देत न्हाई मी ह्यांला. औंदा एकाला बी सूज न्हाई." आणि मग चाचरत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तुमी किती देलते आमाला?"

सांगता आलं असतं. तेवढी एक गोष्ट तरी तिला खरी देता आली असती.

"निरीक्षणाला दहापैकी दहा," मी म्हणाले.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "बाला बी मी तेच सांगितलं, मॅडम कमी देणार न्हाईत."