टिलर मागे घेताना

ज्यांची बाग खणायची असते ते सगळे त्यांना वहिनी म्हणतात, वयाने वीस वर्षांनी मोठे असले तरी. फाटकातून टिलर, म्हणजे माती खणायचं यंत्र, आत आणणारी बाई बघून नवखे लोक जरा चाचरतात. "जमेल ना?" असं कुणी विचारलं, तर वहिनी उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. आधी सगळ्या जमिनीवर फिरून दगड, तारांचे तुकडे, गवतात विसरलेला पाण्याचा पाइप उचलतात. मग मूठभर माती दाबून बघतात. गोळा लगेच फुटला तर काम सुरू, चिकटून राहिला तर "माती वाळू द्या, मग येते." मालकाने कितीही नाक मुरडलं तरी ओल्या मातीत पाती घालायची नाहीत. नंतर ती ढेकळं फोडत बसायचं कुणी?

यंत्राला रेटायचं नाही, त्याच्या चालीने चालू द्यायचं, हे त्यांचं ठाम मत. पहिल्या फेरीत माती वरवर हलवायची, दुसरीत खोल जायचं. पहिल्याच दमात खोल घुसणारे बहाद्दर दिवसभर टिलरशी कुस्ती खेळतात आणि संध्याकाळी कंबर धरून बसतात. पात्यांत मुळं अडकली तर इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, मगच हात आत. त्यात सूट नाही.

त्यांचे यजमान टेम्पो चालवतात. टिलर फळीवरून उतरवून देतात आणि परत टेम्पोत जाऊन बसतात. सहा वर्षांपूर्वी हे काम तेच करायचे. मुठीखालचा लिव्हर दाबून धरला तरच पाती फिरतात, हात सुटला की थांबतात. दाबून दाबून बोटं आखडतात म्हणून यजमानांनी तो सुतळीने बांधून टाकला होता. टिलर मागे घेताना टाच अडखळली, ते उताणे पडले आणि यंत्र काही थांबलं नाही. डाव्या पायाची दोन बोटं गेली. त्यानंतर त्यांनी चालू टिलरची मूठ धरली नाही. ती वहिनींनी धरली, आणि असं काम केलं की लोक त्यांच्यासाठी थांबू लागले.

यंदा मात्र मनगटाने दगा दिला. एका निवृत्त पोस्टमनकाकांच्या बागेत निम्मं काम झालं आणि लिव्हर हातातून सुटू लागला. टिलर पुन्हा पुन्हा थांबायला लागला.

"एक सुतळी बांधा की," काका म्हणाले. "सगळेच बांधतात."

"सगळ्यांच्या पायांची बोटं मोजलीत का काका?" वहिनींनी इंजिन बंद केलं. मग यजमानांकडे वळून म्हणाल्या, "चला. आता हे यंत्र विकून टाकायला हवं." या कामाइतकं दुसरं काहीच त्यांना आपलं वाटलं नव्हतं.

यजमान उतरून आले. "इकडे दे."

"अहो, नको."

"मी मूठ धरतो. तू मागची जमीन बघ."

त्यांनी इंजिन सुरू केलं, लिव्हर दाबला, सोडला. पाती थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. काका काही बोलणार होते, पण वहिनींनी असे डोळे वटारले की ते गप्प झाले. मग टिलर सरळ रेषेत कुंपणापर्यंत गेला. तिथून तो मागे घ्यायचा होता.

"मागे काही नाही," बाजूला उभ्या राहून वहिनी म्हणाल्या. "सावकाश या."

यजमान एकेक पाऊल मागे येऊ लागले. वहिनींची नजर त्या पावलांवरून हलेना. मूठ स्वतःच्या हातात असताना त्या कधी घाबरल्या नव्हत्या. इथे बाजूला उभं राहून दाबायला काही नव्हतं आणि सोडायलाही काही नव्हतं.

सगळा तुकडा खणून झाला. इंजिन थंडावलं.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "रोज तुम्ही तिथे बसून हेच सोसत होतात?"

यजमान बुटांची माती झटकत राहिले. "सहा वर्षं टेम्पोचं दार उघडं ठेवून बसलोय," ते म्हणाले. "धावत यावं लागलं तर उघडण्यात वेळ जायला नको."