पेरोल की पॅरोल

बगळ्यांच्या मॅचला जाऊन तुम्ही कधी नाचोज खाल्लेत? खाल्लेच असतील. मग सांगा, ते तुमच्या हातात कुणी दिले? नाव सांगा. नाही ना येत? नव्या पिचरच्या कोपराचं ऑपरेशन कोणत्या साली झालं ते मात्र झोपेतून उठवलं तरी सांगाल.

नाचोज देणारीचं नाव शुभा वैरागडे. मूळची नागपूरची, आता एडिसनची. आणि बगळे म्हणजे हेरन्स, न्यू जर्सीचा बेसबॉलचा संघ. त्यांच्या टोपीवर एका पायावर उभा असलेला पक्षी आहे, म्हणून एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या मराठी मंडळींनी कधीतरी गमतीत त्यांचं बारसं केलं. बगळा! माशाकडे न बघितल्यासारखं करून ध्यान लावणारा. गमतीतलं नाव इतकं चपखल बसेल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

शुभा या देशात आली ती नवऱ्याच्या मागे, डिपेंडंट व्हिसावर. काम करायची मनाई. नागपुरात वर्गभर पोरांना एका नजरेत गप्प करणारी ही बाई इथे वर्षानुवर्षं लोकांच्या बेबी शॉवरला पुरणपोळ्या लाटत बसली. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात तिनं स्टेडियममध्ये अर्ज टाकला. चंद्रशेखर, तिचा नवरा, सॉफ्टवेअरमधला सरळ माणूस. तो हादरला.

"अगं, स्टॉलवर उभी राहणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, दोन नाचोज, एक कोक."

तिला गर्दी हवी होती. गेट तीनच्या त्या स्टॉलवर गर्दीला तोटा नव्हता. बेसबॉल तिला शेवटपर्यंत नीटसा कळला नाही, त्याची तिला खंतही नव्हती. वरच्या पायऱ्यांवरून आरडाओरडा झाला की ती शेजारच्या डोरोथीला विचारायची, "आपले की त्यांचे?" डोरोथीनं अंगठा वर केला की चीज थोडं जास्त घालायची. तिथल्या मराठी मंडळात कुणी "शुभाताई हॉस्पिटॅलिटीमध्ये आहेत" अशी ओळख करून दिली की ती तिथल्या तिथे तोडायची, "हॉस्पिटॅलिटी कायची हो, नाचोज!" मग समोरचा माणूस उगाच मान हलवायचा आणि वडे आले का ते बघायला निघून जायचा.

हंगाम ऑक्टोबरात आटपतो. स्टॉलवाल्यांना घरी पाठवतात आणि एप्रिलच्या तोंडावर परत बोलावतात. खेळाडूंचा बाजार मात्र हिवाळ्यातच भरतो. कुणाला घेतलं, कुणाला सोडलं, चेंडू फेकणाऱ्या कोणत्या पिचरच्या खांद्यात किती दम उरलाय. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप नोव्हेंबरात नुसता पेटलेला असतो. त्यात सगळ्यात पुढे अनीश, मंडळाचा अध्यक्ष. नोकरीला मोठ्या कंपनीत, पण जीव बगळ्यांत. या हिवाळ्यात बगळ्यांनी हूपर नावाच्या जुन्या पिचरला वाऱ्यावर सोडलं आणि डिसेंबरात केलॉक नावाचा नवा पिचर सात वर्षांसाठी घेतला. आकडा ऐकून चंद्रशेखरनं चष्मा काढून पुसला. ग्रुपवर अनीशनं नाचणारे इमोजी टाकले.

त्याच आठवड्यात शुभाला फोन आला. ब्रेंडाचा, तिच्या सुपरवायझरचा.

"हनी, वाईट बातमी आहे. पेरोल लिमिट! लीगनं रेघ आखून दिलीय, पगार तिच्यावर गेले की मालकाला दंड. केलॉकला घेतल्यावर आपण रेघेला टेकलो. गेट तीनचे स्टॉल यंदा परत नाहीत."

आणि शुभानं विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, वाटला. डोरोथी रडत होती तर हिनंच तिला फोनवर समजावलं, "नियमच आहे गं तसा, टीम तरी बिचारी काय करणार?" त्या 'बिचारी' शब्दाचा तिला पुढे इतका राग आला, की अजूनही तो शब्द कुणी उच्चारला तर ती हातातलं भांडं आपटते.

नागपूरला तिची मोठी बहीण, शोभनाताई. तिचं घर वर्धा रोडवर, जेलपासून जवळच. फोनवर शुभा म्हणाली, "ताई, पेरोलमुळे गेलं माझं काम."

पलीकडून एकदम हळू आवाजात, "बाप्पा! पॅरोल? कोण सुटून आलं? चंद्रशेखरनं काय करून ठेवलं गं?"

"अगं, पॅरोल नाही, पेरोल! पगार, पगार!"

"मग पगार म्हण ना! आमच्याकडे पॅरोल म्हणजे पॅरोल. चार दिवस सोडतात, पुन्हा आत घेतात."

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता शुभा थांबली. "तसंच आहे म्हणा," ती म्हणाली, "फक्त आम्हाला परत आतच घेऊन नाही राहिले."

जानेवारीत मंडळाची संक्रांत, हायस्कूलच्या कॅफेटेरियात. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं आणि तिळगुळाच्या ताटाशेजारी पुरुषांचं कोंडाळं. विषय अर्थातच केलॉक. पुण्याहून नवीनच आलेला जय नावाचा मुलगा भाबडेपणानं विचारत होता, "पण मग रेघेत बसवायला टीमनं बाकीचा स्टाफ कमी केला असेल ना?"

अनीश हसला. "छे रे! त्या लिमिटमध्ये फक्त खेळाडू. पॉपकॉर्नवाले, झाडूवाले कोण धरतो त्यात? त्यांना हजार डॉलर दिले काय नि दहा हजार दिले काय, रेघ हलत नाही."

शुभा ताट घेऊन मागेच उभी होती.

"काय बोलून राहिला तू, अनीश?"

"अरे काकू! या, या. तिळगूळ द्या."

"आम्हाला त्या रेघेमुळे काढलं म्हणे. तुला माहीत होतं, की आमचा पगार त्यात येतच नाही?"

"ऑब्व्हियस आहे ना, काकू."

"ग्रुपवर मी लिहिलं होतं, पेरोल लिमिटमुळे काम गेलं म्हणून. तू त्याच्याखाली हात जोडलेला इमोजी टाकलास."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. तसंही तिथे आता मशीन्स येतायत. बिझनेस डिसिजन असतो हो."

बघा हं, त्याला खरं ठाऊक होतं. तोंड उघडलं असतं तर डिसेंबरातच या बायका जाब विचारायला उभ्या राहिल्या असत्या. पण खरं बोलायला लागते ती जीभ याच्याकडे फक्त पिचरच्या कोपरासाठी होती. या जातीची माणसं वाईट नसतात असं म्हणायची आपल्यात पद्धत आहे. मला ती पद्धत मान्य नाही.

शुभानं ताट टेबलावर ठेवलं. "जूनमध्ये मंडळाची मराठी नाइट आहे ना बगळ्यांच्या मॅचला? सगळी तिकिटं एकगठ्ठा घेतलीत. ती परत करा. सांगा त्यांना, गेट तीनच्या बाया आत आल्या तर आम्ही येऊ."

कॅफेटेरियात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कुणाला बाळाचं डायपर आठवलं, कुणाला पार्किंग. अनीश अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकू, मंडळात पॉलिटिक्स नको. आज संक्रांत आहे. तिळगूळ घ्या, गोड बोला."

"वर्षभर गोडच बोलत आले रे. गोड बोलून बोलून तुम्हा लोकांच्या तोंडाला मधुमेह झाला!" तिनं ताट उचललं आणि तिळगूळ न वाटताच घरी नेलं. आख्खा फेब्रुवारी वैरागड्यांकडे चहाबरोबर तिळाचे लाडू होते.

मार्चमध्ये ब्रेंडानं तिला फोन करून गुपचूप सांगितलं, की मशीन चालवायला एक बाई लागेल, हवं तर तुला घेते. फक्त तुला. शुभानं विचारलं, "आणि डोरोथी?" ब्रेंडा मशीनच्या ट्रेनिंगची तारीख सांगू लागली. शुभानं फोन ठेवला.

एप्रिलमध्ये पहिल्या मॅचला ती गेट तीनवर गेली, आतून नाही, बाहेरून. सोबत डोरोथी आणि स्टॉलच्या इतर बाया. हातात घरी रंगवलेला पुठ्ठा. इंग्रजीत लिहिलं होतं, 'पेरोलवर नाही, पॅरोलवर'. शोभनाताईची चूक तिनं पुठ्ठ्यावर चढवली होती. येणारे गोरे लोक वाचून हसायचे, मग अर्थ लागला की हसू आवरायचे. एकदोघांनी हात मिळवला. एक म्हातारा हूपरच्या नावाची जुनी जर्सी घालून तिथेच थांबला, आत गेलाच नाही.

पुठ्ठ्याचं दुसरं टोक चंद्रशेखरनं धरलं होतं. "उभा राहतो," तो म्हणाला होता, "पण घोषणा देणार नाही हं."

मंडळाची माणसं आली. केलॉकच्या नव्याकोऱ्या जर्सीत. अनीशनं लांबूनच पाहिलं, टोपी डोळ्यांवर ओढली, पोरांना वळवलं आणि सगळा घोळका गेट चारकडे निघाला. टोपीवरचा बगळा तेवढा एका पायावर उभा होता, ध्यान लावून.

"अनीश!" चंद्रशेखर ओरडला. जन्मात पहिल्यांदा. अनीश वळला नाही.

त्या गेटवर त्या बाया अजूनही घरच्या प्रत्येक मॅचला उभ्या असतात. स्टॉल बंद झाला नाहीये, आत मशीन चीज ओतते. आणि जूनची मराठी नाइट ठरल्याप्रमाणे होणार आहे, ढोल-ताशासकट.

तुमच्याकडे त्या रात्रीचं तिकीट असेल. ते परत करा. ईमेलनं नको, गेट तीनच्या तिकीट-खिडकीवर स्वतः जा, आणि का परत करताय ते शुभा वैरागडेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगा.