एरंडेल प्यालेले बूट

आमचे मामंजी जोतिबाला जाऊनही देवळात जात नसत. लग्नानंतर सगळे दर्शनाला गेलो, तेव्हा माझे हे सासरे पायऱ्यांपाशीच थांबले. काळे चामड्याचे बूट काढून, गुलाल लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून, बगलेत धरून उभे. “देव कुठं पळून जातोय? बूट मातर जातील,” असं म्हणून तिथूनच शिखराला हात जोडले. हात जोडतानाही बगल सैल झाली नाही.

ते हायस्कुलात गणित शिकवायचे. बुटांचा जोड एकच, अकरा वर्षांचा, तोही एक दिवसाआड घालायचा. मधल्या दिवशी साध्या वहाणा. “चामड्याला बी इसावा लागतोय की.” धुळीचा ब्रश वेगळा, पॉलिशचा वेगळा, चकाकीचा वेगळा. संध्याकाळी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे जात, तेही शिळ्या पेपरचे, ताज्याची शाई लागते म्हणे. त्या सामानाला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

मला सासरी येऊन पंधरा दिवस झाले होते आणि मामंजींचा शाळेतला निरोप समारंभ तोंडावर आला होता. आपण काहीतरी करून दाखवावं, अशी मला फार हौस. माहेरी वडिलांच्या वहाणांना तेल पाजायचं काम माझंच. चामडं ते चामडं, असं म्हणून आदल्या दुपारी मी त्या बुटांना वाटीभर एरंडेल पाजलं आणि उन्हात ठेवलं. वहाणा अशाने मऊसूत होतात. बूट भिजल्या भाकरीसारखे झाले. पॉलिश बसेना, धूळ मात्र झकास बसू लागली.

सासूबाईंचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. “कुणी केलं ह्ये?” त्यांनी विचारलं, आणि मी बोटं पदराला पुसू लागले. नवी सून बिनडोक निघाली, हे आता गल्लीभर होणार. मामंजींनी बुटांकडे पाहिलं, मग माझ्या तेलकट बोटांकडे. “मीच पाजलं,” ते म्हणाले. “चामडं टिकतंय त्यानं.”

बोलून गेले खरे, पण पुढे ते निभवावं लागलं. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरच्या पांढऱ्या चादरीवर तेलाची पावलं उमटली, तेव्हा ते मुख्याध्यापकांना एरंडेलाचे गुण सांगत बसले. दोन शिक्षकांनी घरी प्रयोग केला. पुढे कित्येक दिवस मामंजी त्यांच्या गल्लीतून जाईनात. शिवाय शेवटपर्यंत दर महिन्याला, सासूबाईंच्या देखत, दातओठ खाऊन चार थेंब एरंडेल ते बुटांना लावत राहिले. मला मात्र त्यावरून कधी चकार शब्द बोलले नाहीत.

सोळा वर्षांनी ते गेले. तेरावं झाल्यावर मला राहवेना. तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंना मी सगळं सांगून टाकलं.

“मला ठावं हाय की,” त्या म्हणाल्या. “त्या बुटाला तेल, आन् ह्यांच्या हातानं? त्याच दिवशी वळखलं हुतं.”

“मग बोलला का नाही?”

“काय बोलायचं? तुला रडू येऊ ने म्हणून ह्यांनी जीव की प्राण असल्यालं बूट घालवलं. मला काय, दर म्हैन्याला हसू तेवढं दाबायचं हुतं.”

एवढं बोलून त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मला मात्र रडू आवरेना.