गच्चीवरचे बारा पत्रे

आमच्या गच्चीत दिवसभर ऊन येणारी एकच जागा, आणि ती अकरा वर्षं लोखंडी पत्र्याच्या बारा तुकड्यांनी अडवून ठेवली होती. कपडे मी कोपऱ्यातल्या सावलीत वाळत घालायचे. चादरींना कुबट वास यायचा, पण त्या पत्र्यांबद्दल घरात कोणी ब्र काढत नसे, कारण ते आमच्या ह्यांचे होते.

हे पेंटर. शाळांच्या बस दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये तीस वर्षं रंगकाम करतात. बस आली की आधी तिचा गंज खरवडायचा, खालचा पत्रा लख्ख दिसेपर्यंत. मग प्रायमर, मग पॉलिशपेपर, पुन्हा प्रायमर आणि मग कुठे रंग. एका बसला सात दिवस. बाकीचे पेंटर वरवरचा गंज फडक्याने पुसतात, त्यावर रंगाचा जाड थर मारतात आणि दोन दिवसांत हात धुऊन मोकळे होतात. गॅरेजमधून निघताना दोन्ही बस सारख्याच चकचकीत. मालकांचं म्हणणं एवढंच होतं आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटायचं. खरवडून खरवडून ह्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. मी तो शेकायचे आणि शेकता शेकता मालकांची बाजू घ्यायचे.

अकरा वर्षांपूर्वी मालकांशी असाच वाद झाला, तेव्हा ह्यांनी वहीएवढे बारा गंजलेले तुकडे घेतले. सहा आपल्या पद्धतीने रंगवले, सहा झटपट, पुढून आणि मागूनही. एका बुटक्या चौकटीवर ते स्क्रूने बसवले आणि चौकट ऊन-पावसात ठेवून दिली. कोणाचा रंग टिकतो ते काळच ठरवेल, असं मालकांना सांगून आले. ही हकिकतसुद्धा मला भांडून भांडून काढून घ्यावी लागली. घरात ह्यांनी एवढंच जाहीर केलं होतं की चौकटीला कोणी हात लावायचा नाही. स्वतःही लावत नसत. सुट्टीच्या दिवशी समोर उकिडवे बसून नुसते बघत राहायचे. हा माणूस माझ्याकडे कधी एवढा टक लावून बसला नाही.

गेली तीन वर्षं मात्र ते पत्र्यांसमोर बसायचे जास्त आणि बोलायचे कमी. मला वाटलं, वय झालं.

मग एक दिवस भर दुपारी घरी आले. मी शिवणयंत्रावर होते.

"मालकांना सांगून आलो," म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून सगळ्या बस झटपट पद्धतीने."

"असं अचानक?"

"बाराही पत्रे सारखे आहेत. एकावरही फोड नाही. तीस वर्षं उगाच खांदा झिजवला."

हे त्यांनी लाइटच्या मीटरचा आकडा सांगावा तसं सांगितलं. इतकी वर्षं मी हेच ऐकायला टपून होते, पण ऐकल्यावर शिवण तसंच सोडून उठले. ते गच्चीकडे निघाले, मी मागोमाग.

वर सासूबाई होत्या. पत्र्यांवर जुनं मेणकापड पसरून त्या त्याची टोकं विटांखाली दाबत होत्या.

"आई, हे काय करतेस?"

"झाकतेय. रोज झाकते. तू कामाला गेलास की झाकते आणि यायच्या आत काढते. एवढा सुंदर रंग दिलायस, उन्हापावसात खराब नाही का होणार?"

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"हात कुठे लावला? वरून कापड टाकलं."

मी कपाळाला हात लावला. मी गच्चीत जाणार सकाळी आणि संध्याकाळी, त्यामुळे मलाही पत्ता नाही. लेकाने अकरा वर्षांत सांगितलं नाही की पत्रे कशासाठी आहेत, आईने अकरा वर्षांत विचारलं नाही. अशा घरात माणसाने डोकं आपटायचं तर कोणत्या भिंतीवर?

हे चिडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "म्हणजे मला अजून काहीच माहीत नाही."

तेव्हा माझा तोल सुटला. यंत्राच्या खणातला स्क्रूड्रायव्हर आणला आणि म्हटलं, आता ही चौकट गच्चीवरून गेलीच पाहिजे. ह्यांनी अडवलंही नाही. मी टोकाचा पत्रा सोडवला, उलटा केला आणि माझी बोटं तांबडी झाली. मागचा रंग फोडांनी भरला होता. नख लावलं तर तळहाताएवढा पापुद्रा निघून आला आणि खालून गंजाचा भुगा सांडला. आमची पाण्याची टाकी रोज सकाळी ओसंडते आणि ते पाणी चौकटीखाली साचून राहतं.

"हा झटपटचा," हे म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पाचवा काढ."

पाचवा ह्यांचा. त्याची पाठ त्याच्या तोंडासारखीच गुळगुळीत. मग आम्ही बाराही काढले. सहा सडलेले, सहा धडधाकट.

"मागून कशाला झाकू?" सासूबाई म्हणाल्या. "मागून कोण बघतं?"

दोन्ही पद्धतींचा एकेक पत्रा पिशवीत घालून आम्ही गॅरेजला गेलो. पिशवी मी धरली, कारण ह्यांचा खांदा. मालकांनी दोन्ही पत्र्यांना स्वतः नख लावून पाहिलं.

"पेंटर, सकाळी एक सांगता, दुपारी दुसरं."

"सकाळी मी चुकलो."

मालकांनी बोटावरचा गंज पुसला. "पाच दिवसांत होईल?"

"सात."

"बरं, सात," मालक वैतागून म्हणाले आणि आत गेले.

परत येताना हे एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. खांदा चोळत म्हणाले, "तीन वर्षं झाली, मला रोज वाटत होतं की उगाच खरवडतोय."

"मग आजपर्यंत खरवडत का होतात?" मी जवळजवळ ओरडलेच. "दोन दिवसांत उरकायचं होतं. तो खांदा तरी वाचला असता."

"पत्रे चुकले असते तर? आत पोरं बसतात."

एवढंच बोलले आणि उठण्यासाठी हात पुढे केला, डावा. मी त्यांना उठवलं.