खालच्या खाचराला विचारून

मुंबईच्या संशोधन संस्थेतून आपल्या खोलीवर निघताना कुंडलिक रोज मशीनच्या खोलीच्या दारात थांबायचा आणि आत कुणी असो नसो, विचारायचा, "कुणाचं काही चालू आहे का?" मग दार ओढून घ्यायचा. ही सवय त्याला एका चुकीनं लागली होती.

त्याची बायको बनाबाई गावी, वेल्ह्याला असायची. महिन्यातून एकदा तो यायचा. संसार एसटीच्या वेळांवर चाललेला. त्याचं काम तिला अर्धंच कळे. कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामातला साठवणीचा भाग तो लिहीत होता. एखाद्याचं काम संपलं, की डिस्कवरची त्याची जागा मोकळी करून पुढच्याला द्यायची. हे बिनचूक चाललं की पुण्याला बदली, असं साहेब म्हणाले होते. पुणं म्हणजे दर शनिवारी घर.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बदली जवळजवळ ठरली, आणि त्याच्या प्रोग्रामनं एकाचं काम संपलं म्हणून एक जागा मोकळी करून पुढच्याला दिली. हवामानाचा अभ्यास करणारे आनंदराव त्याच जागेतून अजून वाचत होते. त्यांची पावसाची सगळी मोजमापं पुसली गेली. बदली लांबली.

भाताच्या लावणीला तो घरी आला, पण बांधावर नुसताच बसून राहिला. बनाबाई चिखलातून वर आली.

"काय झालं तरी काय नक्की?"

"वरच्यानं आपलं खाचर भरलं म्हनून पानी बंद केलं. खालच्याचं अर्ध्यावर व्हतं. तसं."

"अन् वरचा कोन?"

"म्याच."

"वेल्ह्याचं मानूस म्हनवता," ती म्हणाली. "आत्याबाईंनी मला लगीन झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं, खालचा व्हय म्हनल्याबिगर पान्याला हात लावायचा न्हाई. तुमालाच शिकवायचं ऱ्हायलं जनू."

तो हसला. बनाबाईला मात्र हसू आलं नाही. मनात मांडून ठेवलेले शनिवार एकेक करून विरत होते.

परत जाऊन त्यानं सगळं नव्यानं लिहिलं. आता प्रत्येक जागेवर किती जणांचं काम चालू आहे हे मशीनच ध्यानात ठेवी. शेवटचा सुटेपर्यंत जागा रिकामी होत नसे. मग कळलं, एखादं काम मधेच बंद पडलं तर त्याचा जागेवरचा हक्क तसाच राहतो, कुणी सोडवायला येत नाही, आणि जागा कायमची अडकते. तेही त्यानं निस्तरलं. त्यात पुढचा पावसाळा गेला.

बदली झाली. शनिवार आले. बनाबाई दुपारपासूनच स्टँडकडे कान देऊन असे.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी तो पहिल्या गाडीनं गेला. दुपारी पुण्याच्या कचेरीत छातीत कळ आली आणि संपलं.

भेटायला आलेल्या बायकांनी विचारलं, जाताना काय बोलले. बनाबाई म्हणाली,

"गाडीच्या खिडकीतनं म्हनले, गिरनी लवकर सुरू झालीय आज. घरी जाऊन दळन टाक, मंग गर्दी व्हईल."