आजोबांपुढची रिकामी जागा

डायलिसिस केंद्राच्या मागच्या खोलीत सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. वास्तविक त्यांनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. नाव पडले ते त्यांच्या ठेवणीतल्या वाक्यामुळे: "नीट मागा, नीट मिळेल." वाक्य मूळचे त्यांच्या आईचे. आईचे हार्डवेअरचे दुकान होते, आणि तिथे लांबी सांगितल्याशिवाय कुणाला एक खिळा मिळत नसे.

लेकीने तोच कारभार सर्व्हरवर चालवला. व्हॅनचालकाचा फोन रोज सकाळी सर्व्हरकडे क्वेरी, म्हणजे रीतसर मागणी, पाठवी: आज आणायचे रुग्ण, प्रत्येकाचे नाव, पत्ता, वेळ, नातेवाइकाचा नंबर. काय मागता येते आणि ते कोणत्या रूपात मिळते, हे ठरवणारा आराखडा म्हणजे स्कीमा. तो बाईंनी स्वतः लिहिला होता. मागणी त्याच्याशी जुळली, तरच सर्व्हर माहिती गोळा करून मागितलेल्या आकारात परत देई. जे असायलाच हवे, त्याच्यापुढे स्कीमात उद्गारचिन्ह देतात. ही चिन्हे बाईंनी सढळ हाताने पेरली होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या सकाळी व्हॅनचालकाचा फोन आला.

"ताई, स्क्रीन कोरी करकरीत आहे. आज सगळे बरे झाले की काय?"

"तुमच्या तोंडात साखर पडो, काका. नेहमीच्यांची घरं माहीत आहेत ना? तुम्ही निघा तर खरं."

"ती डोळे मिटून सापडतील. पण आज कुणी नवे आजोबा आहेत म्हणे. ते राहतात कुठे, देव जाणे."

बाईंनी तीच क्वेरी स्वतः चालवून पाहिली. मागणीत खोट नव्हती. उत्तर मात्र रिकामे, आणि खाली चूक दाखवणारी एकच ओळ: नव्या रुग्णाच्या नातेवाइकाचा नंबर नाही. बाईंच्या लक्षात आले. सक्तीची जागा रिकामी निघाली म्हणून आजोबांची नोंद बाद झाली, आणि यादीत एकही बाद नोंद चालणार नाही असेही त्यांनीच लिहून ठेवल्यामुळे अख्खी यादी आडवी झाली. सर्व्हरने आज्ञा तंतोतंत पाळली होती.

त्या तडक स्वागतकक्षात गेल्या.

"नंबर का नाही घेतलास गं?"

"घेणार कुणाचा?" स्वागतिका म्हणाली. "आजोबा म्हणाले, कुणी नाही. शेजाऱ्याचा द्या म्हटलं, तर म्हणाले, त्याच्याशी बोलणं बंद आहे."

एवढ्यात यादी अडल्याचे ऐकून मॅनेजर आले. "मास्तरीणबाई, एक नासका आंबा आणि अख्खी आढी नासली! काढा त्यांना यादीतून. उद्या आणू."

"त्यांचं मागचं डायलिसिस दुसरीकडे चुकलंय, म्हणून तर इथे आलेत. उद्यापर्यंत थांबणं त्यांना झेपायचं नाही. आणि साहेब, नासका आंबा ते नाहीत. माझं चिन्ह आहे."

"मग टाका एखादा खोटा नंबर आणि व्हा मोकळ्या."

"व्हॅनमध्ये त्यांना काही झालं, तर काका आधी तोच नंबर लावणार. तिकडे भलताच कुणी उचलणार, आणि वेळ जाणार आजोबांचा. रिकामी जागा निदान खोटं तरी बोलत नाही."

"पण तुमचा नियम?"

"माझाच आहे ना? मग मीच बदलते."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी घाई केली नाही. नातेवाइकाच्या नंबरापुढचे उद्गारचिन्ह त्यांनी पुसले. 'प्रत्येकाला कुणीतरी असतेच' हे आपण कशाच्या आधारावर लिहिले होते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आधार सापडला नाही. बदल आधी चाचणीच्या सर्व्हरवर चढवला. क्वेरी जशीच्या तशी चालवली. यादी आली. रिकामा नंबर पाहून चालकाचे अ‍ॅप बंद पडत नाही ना, हेही त्यांनी आपल्या फोनवर तपासले. दाराशी उभे मॅनेजर घड्याळाकडे पाहत राहिले. मगच बदल खऱ्या सर्व्हरवर गेला.

थोड्या वेळाने पुन्हा चालकाचा फोन.

"आली हो ताई, यादी आली. आजोबांचं घर तर माझ्या वाटेवरच आहे. पण त्यांच्यापुढे नंबराची जागा रिकामी दिसतेय. राहिलं का काही?"

"नाही काका, बरोबर आहे. त्यांना कुणी नाही. वाटेत काही वाटलं, तर सरळ डॉक्टरांना लावा."

पलीकडे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "असं आहे होय. मग त्यांना पुढे माझ्याशेजारी बसवतो. नजरेसमोर राहतील."

बाईंनी फोन ठेवला, स्कीमा पहिल्या ओळीपासून उघडला, आणि एकेका उद्गारचिन्हाची उलटतपासणी सुरू केली.